देवकाबाईचं पहिलं तास

सासूचं कौतुक करणारी सून दिवा घेऊन शोधली तरी सापडत नाही, असं म्हणतात. मी सापडले असं समजा आणि दिवा विझवा. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची, गाव देवकाबाई म्हणायचं. त्यांच्याविषयी बोलायला लागले की माझी मान आजही आपोआप वर होते. ज्यांना हे खुपेल त्यांनी खुशाल आपापल्या सासूबद्दल लिहावं, मी वाचीन.

आमचं गाव सिंदीच्या बाजूचं, काळ्या मातीचं आणि कपाशीचं. वेचणीला चार-पाच घरच्या बाया सावड करायच्या, आज तुमच्या शेतात तर उद्या आमच्या. प्रत्येकीला एकेक तास, म्हणजे कपाशीची एकेक ओळ. कडेचं पहिलं तास जिच्याकडे, तिच्या चालीने बाकीच्यांनी चालायचं, तिच्या पुढे कोणी जायचं नाही. आणि पहिल्या तासवालीने एक नियम पाळायचा. या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वाकली की शेताच्या त्या टोकाच्या धुऱ्यावरच सरळ व्हायचं. मध्ये जिने कंबर सरळ केली तिचं तास गेलं. दुसऱ्या तासवाली पुढे होणार आणि तो हंगाम तिचा. तिने सरळ व्हायचं नाही म्हटल्यावर मागच्यांनी तरी कसं व्हायचं? त्याही तशाच वाकलेल्या. हा नियम कुणी केला ते विचारू नका. मी लग्न होऊन आले तेव्हा तो गावच्या विहिरीसारखा आधीपासून तिथेच होता.

आत्याबाईंनी पहिलं तास त्यांच्या सासूकडून घेतलं आणि इतकी वर्षं कुणाच्या हाती लागू दिलं नाही. बाईचे दोन्ही हात बोंडांवर असे चालायचे की फडक्याची ओटी कधी भरली ते कळायचं नाही. पुढे पोटाशी कापसाचं ओझं आणि खाली वाकलेली पाठ. धुऱ्यावर पोचून सरळ झाल्या की मागे वळून आमच्याकडे बघायच्या. त्या नजरेत जो रुबाब असायचा तो मालगुजाराच्या घरच्या बायांनाही नव्हता.

पंचावन्न सालच्या हंगामात शेजारच्या गुलाबबाईंच्या शेतात वेचणी चालली होती. गुलाबबाई आत्याबाईंच्याच वयाच्या, आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या आणि वर्षानुवर्षं दुसऱ्या तासावर चालणाऱ्या. शेताच्या मधोमध आत्याबाईंच्या कमरेत उसण भरली. त्या वाकल्या होत्या तशाच अडकल्या. ना वर येता येईना, ना खाली बसता येईना. आम्ही त्यांना उचलून बैलबंडीत कापसाच्या ढिगावर घातलं. त्यांचं अर्धं राहिलेलं तास गुलाबबाईंनी वेचून पुरं केलं. बंडी घराकडे निघेपर्यंत आडव्या पडलेल्या आत्याबाई तेवढंच बघत होत्या. दुखण्याने डोळ्यांत पाणी आलं असेल असं सगळ्यांना वाटलं. मला माहीत आहे, ते दुखण्याचं नव्हतं.

मग उपायांची रांग लागली. निरगुडीचा शेक झाला, बिब्बा घातला, कातडी भाजली. आमच्या गावात तानबा नावाचा म्हातारा पायाळू होता, म्हणजे आईच्या पोटातून पायांकडून जन्मलेला. अशा माणसाची लाथ कमरेला लागली की उसण पळते म्हणतात. तानबाने आत्याबाईंना मोठ्या अदबीने लाथ घातली आणि लगेच त्यांच्या पाया पडला. उसण काही पळाली नाही. वर्ध्याच्या डॉक्टरने तपासलं आणि वाकू नका म्हणून सांगितलं. कापूस पिकवणाऱ्या घरातल्या बाईला वाकू नका म्हणणं म्हणजे जेवू नका म्हणण्यासारखंच. आत्याबाई चालत्या-फिरत्या झाल्या, पण सकाळी उठताना भिंत धरायच्या. उरलेला हंगाम पहिलं तास गुलाबबाईंनी धरलं. पुढच्या हंगामात ते परत आपल्याकडे येतं की कायमचं जातं, एवढा एकच प्रश्न आत्याबाईंना खात होता. बोलायच्या नाहीत, पण माझ्यापासून काय लपतं?

वैशाखात माझ्या भावाचं लग्न होतं. माझं माहेर वर्ध्याच्या लगतचं नालवाडी, आणि माहेरची बढाई मारायची संधी मी सोडत नाही, म्हणून ऐका. आमच्या नालवाडीत तेव्हा देशोदेशीचे लोक सूतकताई शिकायला यायचे. आमच्या शेजारच्या खोलीत एल्सा नावाची अमेरिकेतली गोरी बाई राहत होती. ती मूळची नाचणारी. नाचता नाचता कमरेला इजा झाली आणि नाच सुटला. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये पिलाटीस नावाच्या एका जर्मन मास्तरने तिला कसरत शिकवून उभी केली होती. तो मास्तर सत्तरी ओलांडलेला आहे आणि अजून नुसत्या चड्डीवर बर्फात कसरत करतो, असं तिने आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि म्हाताऱ्याच्या घरी कोणी बाईमाणूस आहे की नाही, ते मला विचारायला लावलं.

पण त्याच संध्याकाळी त्या तिच्या खोलीत गेल्या. दाराला कडी लावून एल्साने त्यांना जमिनीवर उताणं निजवलं आणि गुडघे वर घ्यायला लावले. श्वास सोडता सोडता बेंबी पाठीकडे ओढून धरायची. मग कंबर हळूहळू वर न्यायची, आणि खाली आणताना पाठीचा एकेक मणका वेगवेगळा जमिनीला टेकवायचा. आत्याबाईंची पाठ सुरुवातीला फळीसारखी धाडकन खाली पडायची. एल्सा म्हणायची, धीरे, बाई, धीरे. मीच मग गळ्यातली पोत काढून दाखवली. पोत जमिनीवर ठेवताना मणी कसे एकामागून एक टेकतात, तशी पाठ ठेवा म्हटलं. ते त्यांना बरोबर कळलं. मग पालथं निजून एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय उचलणं, गाईसारखं चौपायी होऊन पाठ वर-खाली करणं, असं एकेक सुरू झालं. आत्याबाईंचं कासोट्याचं लुगडं पाहून एल्सा खूश. असे कपडे आपल्या मास्तरला सुचले नाहीत म्हणाली. ते मात्र मी आत्याबाईंना लगेच सांगितलं.

आत्याबाईंची एकच तक्रार होती, की ही कसरत फार थोडी आहे. थोडीच करायची, पण प्रत्येक वेळी मन लावून आणि पोट सुटू न देता. दळण दळल्यासारखं रगडून केलं तर एल्सा थांबवायची. घाम नाही, दम नाही, हे कसलं काम, असं त्या मला रोज म्हणायच्या आणि रोज जायच्या. लग्न आटोपलं, पाहुणे पांगले, तरी आम्ही दोघी राहिलो. महिना उलटायच्या आत त्या भिंत न धरता उठल्या. मी बघितलं. आपण बघितलं हे त्यांना कळू दिलं नाही.

भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. एल्साने त्यांना कापूस वेचून दाखवायला सांगितलं. अंगणातल्या तुळशीलाच कपाशी समजून आत्याबाई वाकल्या. पाठ गोल न करता, गुडघे जरा मोडून, पोट धरून खुब्यातून कसं वाकायचं ते एल्साने शिकवलं. तेही त्यांनी घेतलं. मग तिने विचारलं, सरळ कधी होता? मी धुऱ्याचं सांगितलं आणि शेताची लांबीही सांगितली. एल्सा म्हणाली की सकाळी कसरतीने कंबर बांधायची आणि दुपारपर्यंत या नियमाने मोडायची, याला अर्थ नाही. शेताच्या मध्ये थांबायचं, सरळ व्हायचं, हात वर करून श्वास घ्यायचा. हे केलं नाही तर दुखणं आज गेलं तरी उद्या परत येईल.

आत्याबाई ताडकन उठल्या. त्यांचं बोलणं मला हिंदीत करून सांगावं लागलं, आणि सांगताना माझीच जीभ अडखळली.

"तिले सांग, धुऱ्याच्या आंधी सरळ होनं म्हनजे तास सोडनं. मी कंबर दुरुस्त करून राह्यली ते तासासाठीच. तासच सोडलं तं कंबर घेऊन काय चुलीत घालू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र नेहमीच्या वेळी त्या एल्साच्या दाराशी हजर होत्या. दोघींनी तो विषय पुन्हा काढला नाही.

गावी परतल्यावर हे सगळं गुपचूप करायचं ठरलं. सासरे अण्णाजी आणि आमच्या घरचे शेतावर गेले की आम्ही माजघराचं दार लोटून घ्यायचो. नवऱ्याचं नाव घेऊ नये, पण लिहायला कोण अडवतं? आमच्या घरचे म्हणजे रूपराव. तर एके दिवशी ते गेले, मी जमीन सारवून वाळवलेली, आत्याबाई उताण्या पडलेल्या, डोळे मिटलेले, आणि मी उशाशी बसून त्यांच्या पोटावर हात ठेवलेला, पोट सुटतं की काय ते बघायला. दार ढकलून गुलाबबाई विरजण मागायला आत आल्या.

आता आमच्याकडे माणसाला सारवलेल्या भुईवर, अंथरुणाशिवाय, उताणं कधी निजवतात ते तुम्हाला ठाऊक आहे. जीव जायच्या वेळी खाली घेतात तेव्हा. गुलाबबाईंनी आत्याबाईंकडे बघितलं, माझा हात बघितला, आणि हातातला वाडगा तिथेच टाकून बाहेर धावल्या. त्यांचा पहिला हंबरडा वेशीपर्यंत पोचला. मी ओरडून सांगेपर्यंत आळीतल्या बाया पदर डोळ्यांना लावून ओसरीवर. कोणी तुळशीपत्र आणलं, कोणी गंगेच्या पाण्याचा गडवा. अण्णाजी शेतातून अनवाणी धावत आले. तानबा तर हातात कुऱ्हाड घेऊन, तिरडीला बांबू कुठला तोडायचा ते विचारत आला. या सगळ्या गर्दीत आत्याबाई उठल्या. उठल्या त्याही धडपडत नाही, एल्साने शिकवल्यासारख्या, कुशीवर वळून, बेताने. दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मी मेली नाई," त्या म्हणाल्या. "कंबर दुरुस्त करून राह्यली. ज्याईले रडाचं आहे त्याईनं आपल्या घरी जाऊन रडा."

लोक गेले, पण तोंडं कशी बंद होणार? कसरतीला नाव पडलं, मढ्याची कसरत. पोरं वाटेत उताणी पडून पाय वर करायची आणि एकमेकांवर खोटं रडायची. मी दोघा-तिघांना बदडलं, आणि त्याबद्दल मला कधी पस्तावा झाला नाही. पण घरातच आग लागली. अण्णाजी मुळात गरीब स्वभावाचे, पारावर लोक थट्टा करतात हे त्यांना सहन होईना. एका रात्री जेवताना त्यांनी ताट सरकवलं आणि हे थेर आजपासून बंद म्हणून सांगितलं. बाईमाणसाने भर दिवसा आडवं पडायचं, पाय वर करायचे, लोकांनी तिरडीला बांबू आणायचा, गावात तोंड कसं दाखवायचं असं बरंच काही बोलले. आत्याबाईंनी ऐकून घेतलं. मग ताट परत त्यांच्या पुढे सरकवलं.

"मी वाकून वाकून मोडली तवा कोनाले लाज नाई वाटली. आता सरळ होऊन राह्यली तं वाटते काय?"

अण्णाजी जेवले. मी चुलीजवळ बसून भाकर थापत होते आणि आनंदाने भाकर फाटली तरी मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाईंनी माजघर सोडलं. लपून केलं म्हणून लोकांना मढं दिसलं, आता उघड्यावर बघू दे म्हणाल्या, आणि सकाळच्या उन्हात सरळ ओसरीवर सतरंजी टाकली. पहिले काही दिवस येणारे-जाणारे रेंगाळायचे. बाई मेल्यासारखी दिसेना, उलट दिवसेंदिवस हातपाय जास्त चपळ दिसायला लागले, तेव्हा बघण्यातली मजा गेली. तानबा तेवढा रोज येऊन बसायचा. आपल्या पायाचं काम गेलं म्हणून तो खट्टू होता. पण आमचा चहा पिता पिता त्याने एकदा स्वतःचं पोट आत ओढून बघितलं, ते मला दिसलं. गुलाबबाई मात्र त्या बाजूला बघायच्या नाहीत. विहिरीवर घागर उचलताना त्यांचा एक हात कमरेवर जायचा आणि कुणी बघितलं की लगेच खाली यायचा.

पाऊस सरला, बोंडं फुटली. आमच्या शेतात सीतादही करायचा दिवस आला. वेचणीच्या आरंभी कपाशीला दही-भाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग पहिला कापूस वेचतात, त्याला सीतादही म्हणतात. त्या दिवशी घरच्या बाईला आपल्या शेतात पहिलं तास मागता येतं. ती धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत नियमाने गेली तर हंगाम तिचा, मध्ये मोडली तर जिचं होतं तिच्याकडे परत. नैवेद्य झाल्यावर आत्याबाईंनी कासोटा खोचला, ओटी बांधली आणि पहिल्या तासावर जाऊन उभ्या राहिल्या. गुलाबबाई दुसऱ्यावर सरकल्या, तोंड एवढंसं करून. मी तिसऱ्यावर. अण्णाजी त्या टोकाच्या धुऱ्यावर बाभळीखाली जाऊन बसले. त्यांना तिथे कोणी बोलावलं नव्हतं.

आम्ही वाकलो. मी कापूस कमी वेचला आणि आत्याबाईंकडे जास्त बघितलं. पाठ गोल नाही, सपाट. गुडघे किंचित मोडलेले, पोट आत. हात पूर्वीसारखे, नव्हे, पूर्वीपेक्षा मोकळे. ज्या जागी बाया अडखळायला लागतात ती जागा आली आणि मागे गेली. पाटावर बसून जेवावं तशा सहज त्या चालल्या होत्या. अर्ध्याच्या आसपास आलो तेव्हा माझ्या स्वतःच्या कमरेत आगीचा पट्टा ओढल्यासारखं झालं होतं, पण मी मनात म्हटलं, दुखू दे, आपण जिंकलो. ही बाई आता अशी आणखी एक शेत जाईल.

आणि त्या थांबल्या.

वाकलेल्याच होत्या. बगलेखालून त्यांनी मागे बघितलं. मीही बघितलं. गुलाबबाई एकाच हाताने वेचत होत्या, दुसऱ्या हाताची मूठ कमरेत रुतवलेली, ओठ दाताखाली. त्यांच्यापलीकडे आमची सगळी रांग, कुणाची मान लोंबलेली, कुणी झाडाचा आधार घेतलेला, एक नवी पोरगी डोळे पुसत वेचत होती. इतकी वर्षं आत्याबाई सगळ्यांत पुढे चालल्या, आणि धुऱ्यावर पोचून मागे बघायच्या तोवर आम्हीही सरळ झालेल्या असायचो. वाकलेली रांग त्यांनी कधी बघितलीच नव्हती.

त्या सरळ झाल्या. हळूहळू, मणी मणी जोडत, पूर्ण. मग दोन्ही हात डोक्यावर नेले आणि एक मोठा श्वास घेतला.

माझ्या हातातलं बोंड गळून पडलं. शेतात कुणी हलेना. गुलाबबाई मात्र हलल्या, वाकलेल्याच पुढे आल्या, आत्याबाईंच्या बरोबरीला. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर पहिलं तास त्यांचं होतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

"जाच असन तं जा, गुलाब," आत्याबाई म्हणाल्या. आवाज मुद्दाम मोठा होता, शेवटच्या तासावरच्या बाईला ऐकू जाईल इतका. "मी थकून सरळ नाई झाली. मी धुऱ्यापर्यंत अशीच जाऊ शकतो. पन तुमच्या साऱ्याईच्या कंबरा माया मांगं मोडून राह्यल्या, ते मले आज दिसलं. पहिलं तास मायं असन तं आजपासून अर्ध्यावर सरळ व्हाचं. नसन तं तू धर, अन् तू पन सरळ होजो."

गुलाबबाई तशाच वाकून मातीकडे बघत राहिल्या. मला तर त्यांचं पाऊल पुढे पडतंय असंच दिसत होतं. मग त्यांनी कमरेतली मूठ सोडली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले.

"एकदा वाकली का मले सरळ होताच येत नाई वं," त्या म्हणाल्या. "गेल्या सालापासून असंच आहे."

आत्याबाईंनी आपलं तास ओलांडलं आणि त्यांच्या बाजूला गेल्या. एक हात त्यांच्या पोटावर ठेवला, एक पाठीवर. श्वास सोड म्हणाल्या, पोट आत घे, घाई करू नको. गुलाबबाई वर आल्या, कण्हत, माय माय करत, पण आल्या. मग मी झाले. मग माझ्या पलीकडची, आणि तशी रांगभर एकेक पदर कपाशीच्या वर दिसायला लागला. ती नवी पोरगी तर हात वर करून चक्क हसली. पांढऱ्या शेताच्या मधोमध आम्ही सगळ्या उभ्या. मला रडू आलं, आणि ते अभिमानाचं होतं, उगाच दुसरं काही म्हणत नाही.

धुऱ्यापलीकडच्या वाटेने पारावर थट्टा करणाऱ्यांतले बबनराव बैलबंडी घेऊन चालले होते. बाया मध्येच उभ्या बघून त्यांनी बैल थांबवले आणि अण्णाजींना विचारलं की वेचणी बंद पडली काय, कोणी सांगत का नाही त्यांना. आता अण्णाजी लाजेने खाली बघणार असं मला वाटलं. अण्णाजी बाभळीखालून उठले, धोतर झटकलं, आणि त्यांचा आवाज अख्ख्या शेतावरून आमच्यापर्यंत आला.

"पहिलं तास तिचं आहे, बबनराव. ती म्हनन तवा चालतीन."